बाबा, मी आणि भंडाऱ्याचा बफर

नागपूर सोडलं की भंडाऱ्याकडे जाणारा रस्ता आता इतका गुळगुळीत झाला आहे, की आपलं गाव जवळ आलं हे पाठीला कळतच नाही. पूर्वी कळायचं. एसटी आदळायला लागली की आई पायाशी ठेवलेल्या पिशव्या आवरायला घ्यायची. या वेळी मी टॅक्सीत पेंगत होते आणि डोळे उघडले ते शहापूरजवळ, एका भल्यामोठ्या फलकासमोर. 'दर रविवारी ब्रंच बुफे. सहकुटुंब या.' खाली डोसा, पास्ता आणि जिलेबी एकाच ताटात गुण्यागोविंदानं बसलेली.

"हे कधीपासून सुरू झालं?" मी ड्रायव्हरला विचारलं.

"बफर ना? झालं असन वर्ष-दीड वर्ष. रविवारी गाडी लावाले जागा नाही रायत इथं, मॅडम. जवाहरनगरचे, भंडाऱ्याचे, पार लाखनीचे लोक येते."

लग्नात उभ्यानं जेवायची पद्धत आली तेव्हापासून आमच्याकडे बुफेला 'बफर'च म्हणतात. इतक्या वर्षांनी तो शब्द कानावर पडला आणि पुण्याहून निघाल्यापासून पहिल्यांदा मला हसू आलं.

घरी हसण्यासारखं फारसं नव्हतं. आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. मी एकुलती एक. पुण्यात बँकेत नोकरी, नवरा आणि कॉलेजात जाणारा मुलगा. बाबा भंडाऱ्यात एकटे. जवाहरनगरच्या फॅक्टरीत त्यांनी सारी नोकरी लेथ मशीनवर काढली, निवृत्तीनंतर शहरात हे छोटं घर बांधलं आणि आईच्या मागे ते सोडायला तयार नव्हते. मी चांगली मोठी रजा टाकून आले होते ती त्यांना पुण्याला नेण्यासाठीच. घरातली खोलीसुद्धा रिकामी करून ठेवली होती.

फाटक उघडायला आले तेव्हा त्यांच्या शर्टाची कॉलर मानेपासून सुटलेली दिसली. पट्ट्याचं टोक कमरेला वळसा घालून मागे गेलं होतं.

"जेवता की नाही, बाबा?"

"जेवतो ना. डबा येते दोन्ही टाइम."

डबा येत होता, हे खरं. बाजूच्या गल्लीतल्या मंदाताई स्वतः आणून द्यायच्या. पण बाबा माझ्याबरोबर पानावर बसेनात. "तू जेव, मी मांगून जेवतो," म्हणायचे. मग स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायचे आणि पाच मिनिटांत बाहेर यायचे. अर्धी पोळी आणि जवळपास सगळा भात गल्लीतल्या गाईला जायचा. मी समजायचं ते समजले. माणूस गेलं की भूकही जाते. आईची खुर्ची रिकामी दिसते, म्हणून घास उतरत नसेल. पुण्याचा विषय काढला की ते फक्त "पाहू" म्हणायचे.

म्हणून मी त्यांना त्या फलकाबद्दल सांगितलं. नुसतं बोलायला काहीतरी हवं होतं.

"ब्रंच म्हणजे काय होय?" त्यांनी विचारलं.

"नाश्ता आणि जेवण एकत्र. उशिरा जायचं, हवं ते घ्यायचं."

"कोणी वाढत नाही?"

"नाही. आपलं आपणच घ्यायचं."

"आन बसाचं कुठी?"

"कुठेही. कोपऱ्यातसुद्धा."

"मंग जाऊ," बाबा म्हणाले. मला इतका आनंद झाला, की त्यांनी हे सगळं का विचारलं याचा विचार मी केलाच नाही.

पहिल्या रविवारी आम्ही शहापूरला निघालो. थंडीचे दिवस. धान कापून झालं होतं, मोकळ्या बांध्यांमध्ये (भाताच्या खाचरांमध्ये) लाखोळीचं पीक हिरवंगार उगवलं होतं, आणि कुठे कुठे अजून पुंजणी (धानाच्या रचलेल्या गंजी) उभी होती. जवाहरनगरचा फाटा आला तशी मी रिक्षा थांबवायला सांगितली. आत जाण्याचं काही कारण नव्हतं, फक्त कडेची झाडं बघायची होती. या रस्त्यानं फॅक्टरीच्या बसेस रांगेनं यायच्या. भोंगा झाला की क्वार्टरमधल्या बायका गॅसवर तवा ठेवायच्या. आणि रविवार! रविवारी नाश्ता नसायचाच. बाबा लाल फरशीची न्हाणी स्वतः घासायचे, मला डोक्यावरून आंघोळ घालायचे, आणि अकराच्या सुमाराला आम्ही तिघं एकदम जेवायला बसायचो. वडा-भात, वर गरम तेलाची फोडणी, सोबत कढी. संध्याकाळपर्यंत कुणाला भूक लागायची नाही.

"आपण बफर आधीपासूनच करत होतो की," मी म्हणाले.

"हो, पण वाढे तुही आई," बाबा म्हणाले.

हॉटेल चकचकीत होतं. दारात हात जोडलेल्या मुलीचा पुतळा, आत गारठा आणि गाणी. एका लांब टेबलावर झाकणांची भांडी, झाकणावर आपलं तोंड दिसेल अशी. चीज घातलेला पास्ता होता, पावभाजी होती, पोहे होते आणि पोह्यांवर ओतायला लालभडक तर्री होती. ही तर्री मात्र अस्सल आमच्याकडची. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी लाजेनं पुणेरी झालेली जीभ पाण्यानं धुतली.

बाबांनी दोन पुऱ्या घेतल्या, एक पापड, एक जिलेबी. कोपऱ्यातलं टेबल त्यांनीच निवडलं, आणि भिंतीकडे तोंड करून बसले. पुरीचा तुकडा पापडासारखा कोरडाच खाल्ला.

"भाजी तरी घ्या, बाबा. मी आणू?"

"नको. हेच बेस आहे."

पण ते निघताना खूश दिसले. बशी उचलून धुवायला नळ कुठे आहे हे विचारत त्यांनी वेटरला गोंधळात पाडलं. फॅक्टरीच्या कॅन्टीनमध्ये आपापलं ताट धुवायची सवय. वेटर म्हणाला, "राहू द्या ना काका," आणि बाबांनी कधी नव्हे ते माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. मला वाटलं, जमतंय. दोन-तीन रविवार असे गेले की हा माणूस पुन्हा जेवायला लागेल आणि माझ्याबरोबर गाडीतही बसेल.

दुसऱ्या रविवारी मी भंडारा शहरातलंच एक नवं ठिकाण शोधलं. जिन्यानं वर जायचं, मोठा हॉल, खिडकीतून बाजार दिसायचा. तिथे कुणाच्या तरी लग्नाचा वाढदिवस होता, त्यामुळे टेबलाभोवती गर्दी. पाटोडीचा (बेसनाच्या वड्यांचा) रस्सा ठेवला होता. बाबांना पाटोडी आवडते हे मला माहीत होतं. मी मागेच लागले. "तीच घ्या, दुसरं काही नका घेऊ. आज रस्सा खायचाच."

ते नको नको म्हणत होते. मी हसत त्यांच्या हातात ताट दिलं आणि पळी त्यांच्याकडे सरकवली.

मागून लोक सरकत होते. बाबांनी पळी भरली. ती ताटापर्यंत पोचायच्या आधीच त्यांचा हात थरथरायला लागला. आधी थोडा, मग जोरात, पळीची दांडी भांड्याच्या कडेवर टणटण वाजायला लागली. त्यांनी डाव्या हातानं उजवा धरायचा प्रयत्न केला, तेवढ्यात ताट कललं, आणि लाल रस्सा शेजारी उभ्या असलेल्या बाईंच्या पदरावर गेला. फिकट सोनेरी कोशाचं (टसर रेशमाचं) लुगडं. पदरभर डाग.

रांगेतून कुणीतरी अर्धवट हसत म्हणालं, "सकायीच लावून आले वाटते काका."

बाबांनी उभ्या आयुष्यात दारूच्या थेंबाला हात लावलेला नाही.

त्या बाई वळल्या. पन्नाशीच्या असतील. त्यांनी आधी पदराकडे पाहिलं, मग बाबांच्या हाताकडे, मग त्या बोलणाऱ्याकडे. "भाऊ, तुम्ही आपलं ताट सांभाळा," त्या त्याला म्हणाल्या. मग बाबांना, "काही नाही झालं, काका. आमचा मागाचाच धंदा आहे, घरचा माल होय हा. धुतलं का निघते. भाजलं त नाही ना तुम्हाले?"

बाबांनी ताट हळूच टेबलावर ठेवलं. त्या बाईंना हात जोडले. आणि जिना उतरून निघून गेले.

मी माफी मागून, हिशेब देऊन खाली आले तर ते दिसेनात. रिक्षा करून दोन रस्ते पाहिले. शेवटी वैनगंगेच्या पुलाच्या अलीकडे, नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर बसलेले सापडले. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

मी शेजारी बसले. पाणी संथ होतं, पलीकडे कुणीतरी डोंग्यातून जाळं ओढत होतं.

"दोन वर्षं झाले," बाबा म्हणाले. त्यांनी हात बाहेर काढून माझ्यासमोर धरला. "असा रिकामा असला त काही नाही. काही धरलं का हालते."

"आईला माहीत होतं?"

"तिलेच माहीत होतं. वरण वाटीत देतच नव्हती ते मले. भात घट्ट कालवून, मुटके (मुठीत वळलेले गोळे) करून ठेवे ताटात. पाहुणा आला का म्हणे, यायचा आज उपास आहे. मंग पाहुणा गेल्यावर आम्ही दोघं जेवू."

मला ते उपास आठवले. फोनवर आई सांगायची, तुझ्या बाबांचं आताशा देवधर्माकडे फार लागलंय. आणि मी पुण्यात बसून म्हणायचे, बरं आहे, मन रमतं.

"मला का नाही सांगितलंत?"

"कायले सांगू? लेथवर माह्या हाताले साहेब लोक पाहाले येत. नवीन पोरं आले का म्हणत, यायचा हात पाहा. त्या हातानं आता वरण सांडते. आन तुले सांगितलं असतं त तू नेलं असतं पुण्याले. तिथं तुमच्या टेबलावर, जावयाच्या समोर... तिथं दार लोटून कसं जेवू मी?"

त्यांना भूक होती. वर्षभर होती. हे कळल्यावर मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. मी त्यांचा हात धरला. धरल्यावर तो थरथरायला लागला, आणि त्यांनी तो काढून घेतला नाही.

त्या आठवड्यात आम्ही नागपूरला डॉक्टरांकडे जाऊन आलो. बाबांनी मनात मोठं काहीतरी धरलं होतं, ते नव्हतं. हा वयानुसार येणारा कंप आहे, गोळीनं थोडा कमी होईल, पूर्ण जाणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. तिसऱ्या रविवारच्या सकाळी ते स्वतःहून इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते.

"कवडूकडे जाऊ," म्हणाले. "त्याची सून रविवारी जेवण घालते लोकाईले. तोही बफरच होय म्हणते."

कवडूकाका बाबांच्याच खात्यात होते. मासेमारी करणाऱ्या ढिवर कुटुंबातले, घरातून फॅक्टरीत आलेले पहिले. थंडीत ते दुपट्ट्यात बांधून शिंगाडे आणायचे, आणि आमच्या क्वार्टरच्या ओट्यावर बसून ते सोलता सोलता दोघांच्या गप्पा चालायच्या. निवृत्त झाल्यावर ते साकोलीकडच्या आपल्या गावी परत गेले. आई गेली तेव्हा भेटायला आले होते, त्यानंतर बाबांनीच त्यांचे फोन टाळले होते. ते जेवायला थांबवतील म्हणून, हे आता मला समजत होतं.

साकोलीच्या रस्त्याला तलाव सुरू होतात. एक मागे पडला की दुसरा, मध्ये लहान लहान बोड्या (तळी), सगळ्यांवर पांढरे बगळे. कवडूकाकांचं घर तलावाच्या पाळीला लागूनच होतं. अंगणात मांडव, मांडवात सतरंज्या आणि थोडी प्लास्टिकची टेबलं, एका बाजूला तीन चुलींवर तीन भांडी. जंगल बघायला आलेली नागपूरची दोन कुटुंबं आधीच बसली होती. कवडूकाकांची सून रेखा कमरेला पदर खोचून चुलीपाशी होती. झिंगे-वांगी, मरळ माशाचा रस्सा, लाखोळीच्या डाळीचे वडे, आणि चिन्नोरचा भात. या भाताचा वास फाटकापर्यंत येत होता. पुण्यात किती सुवासिक तांदूळ आणले, पण हा वास मी विसरले होते, आणि विसरलेला आहे हेही मला माहीत नव्हतं.

कवडूकाका काठी टेकत आले. एक डोळा पांढुरका झालेला.

"कोण होय?"

"मी होय बे."

"आला का लेका! मले वाटलं मेला."

दोघं हसले. रेखाताईंनी पत्रावळी दिल्या. बाबा तिथेच थबकले. कवडूकाकांनी त्यांच्या मनगटाला धरून भांड्यापाशी नेलं आणि धरल्या धरल्या थांबले.

"हात काहून हालून राहिला बे तुहा?"

मोठ्यानं. सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं. नागपूरच्या मंडळींनी मान वर केली. मी पुढे व्हायला लागले.

"हालते," बाबा म्हणाले. "दोन वर्षं झाले."

"मंग सांगाचं नाही का? म्हणून फोन उचलत नव्हता? मी म्हटलं, काय चुकलं बाप्पा माहं." कवडूकाका खरोखरच रागावले होते. "मले एका डोयानं दिसत नाही, दुसऱ्यानं अर्धं. ढिवराच्या घरी जन्मलो आन मासोळीचा काटा दिसत नाही मले. पोराईच्या समोर खाल्लीच नाही मी दिवाळीपासून. वांगे खातो."

"काय सांगतं?"

"खरं सांगतो. बस इथं. तू पाह्य, मी काढतो."

मग मी जे पाहिलं ते पाहतच राहिले. दोघं म्हातारे सतरंजीवर एकाच पत्रावळीवर बसले. बाबा वाकून बघायचे, "तिथं, तिथं... अंगठ्यापाशी... अबे वरतं!" आणि कवडूकाकांची बोटं तो काटा अचूक ओढून काढायची. दोघंही एकमेकांना शिव्या देत होते. भात कवडूकाकांनीच कालवला, घट्ट, बाबांनी त्यातून घास घेतला. काही सांडलं, शर्टावर, सतरंजीवर. कुणी त्याकडे पाहिलं नाही. मध्येच एक काटा निसटून कवडूकाकांच्या घशात गेला, त्यांना ठसका लागला, रेखाताई कोरड्या भाताचा गोळा घेऊन धावल्या.

"म्हणून मासोळी खात नव्हते का तुम्ही!" म्हणून त्या ओरडल्या.

"याचीच चूक होय," घसा मोकळा होताच कवडूकाका म्हणाले. "गोष्टी सांगत होता, काटा पाहात नव्हता."

बाबांनी भात दुसऱ्यांदा मागितला. मी चुलीपाशी जाऊन वाढून आणला. चुलीचा धूर फार होता, त्यामुळे डोळे पुसायला निमित्त मिळालं.

जेवल्यावर दोघं तलावाच्या पाळीवर जाऊन बसले. त्यांच्याबरोबर काम केलेली माणसं, कोण कुठे, कोण गेलं. मागून मी फक्त पाठी पाहत होते.

परत येताना मी विचारून घेतलं. "बाबा, पुण्याला याल का? आता तर लपवायचंही काही नाही."

"येईन ना. उन्हाळ्यात महिनाभर येईन. पण तुम्ही सारे सकाळीच निघून जाता. मांग माह्यासंगं जेवाले कोण बसन?"

दुसऱ्या दिवशी मंदाताई डबा घेऊन आल्या तेव्हा बाबांनीच त्यांना हात दाखवला आणि वरण घट्ट करायला सांगितलं. मंदाताई म्हणाल्या, "एवढंच होय का? मी त म्हटलं माह्या हातची चवच नाही आवडत तुम्हाले." त्या दिवशी स्वयंपाकघराचं दार उघडं राहिलं.

मी एकटीच परतले. रिकामी केलेली खोली अजून रिकामीच आहे. तिच्यात मुलाची सायकल आली आहे, ती उन्हाळ्यात हलवावी लागेल. शहापूरचा पास्ता कसा होता असं इथे कुणी विचारलं तर मला खरंच आठवत नाही. तर्री आठवते, पाटोडी चाखायची राहून गेली. आणि लहानपणी रविवारी अकराला आम्ही तिघं बसायचो ते आठवतं. ते आता कुठेच मिळणार नाही, कुठल्याही फलकावर लिहिलेलं असलं तरी. पण त्याच्या आसपासचं काहीतरी बाबांना मिळालं आहे. ते माझ्याकडे नाही, साकोलीच्या बाजूला आहे, हे मान्य करायला मला थोडा वेळ लागला.

गेल्या रविवारी सकाळी उशिरा मी त्यांना फोन केला. बराच वेळ वाजला. मग कवडूकाकांचा आवाज आला.

"हॅलो! कोण, बाई का? तो जेवून राहिला. मांगून करजो."